‘गोपनीय’ शिक्का, फोनमधले फोटो आणि एक हमीपत्र

मॅडम, मी एका जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ सहायक आहे. वडील नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागले. नळयोजनांची देयकं माझ्या टेबलावरून जातात. एका योजनेत मोजमाप पुस्तिकेत जेवढी पाइपलाइन दाखवली आहे तेवढी जमिनीत नाही. मला हे ठाऊक आहे, कारण ते माझं माहेर आहे आणि आई अजून विहिरीवरूनच पाणी आणते. आमच्याच एका उपअभियंत्यांनी पाहणी करून तसा अहवाल दिला होता. त्यावर ‘गोपनीय’ शिक्का मारून तो कपाटात गेला आणि अंतिम देयक निघालं. मी पुस्तिकेची आणि अहवालाची पानं फोनमध्ये टिपली आहेत, त्यातले दोन फोटो पुण्याच्या मावसभावाला पाठवले. तो म्हणतो, गुप्त कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स संकेतस्थळासारखं बेनामी खातं काढ आणि सगळं नेटवर टाक. एकदा पसरलं की कुणाला पुसता येणार नाही. मध्यंतरी त्याच अहवालाचं एक पान गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. ते मी टाकलेलं नाही, भावानंही नाही. साहेबांनी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगून ते काढायला लावलं, शासकीय गोपनीयता कायद्याखाली गुन्हा दाखल करू म्हणतात, आणि आता आम्हा सगळ्यांकडून हमीपत्र मागितलंय : ‘मी कार्यालयातील कोणताही कागद बाहेर दिलेला नाही.’ सोमवारी द्यायचंय. नवरा म्हणतो, फोटो पुसून टाक आणि गप्प बस. काय करू?

– एक वाचक, मराठवाडा

ताई,

नवऱ्याचं ऐकून फोटो पुसू नका आणि भावाचं ऐकून नेटवर टाकू नका. दोघंही तुमच्या काळजीनंच बोलत आहेत, पण एकाला प्रकरण आज संपवायचंय आणि दुसऱ्याला आजच पेटवायचंय. तुमच्याकडे जे आहे त्याचा उपयोग आज नाही, दोन-तीन महिन्यांनी आहे. कसा, ते सांगते. मी आयुष्यभर लेखापरीक्षणात काम केलेली बाई आहे, त्यामुळे माझा सल्ला थोडा कागदाच्या बाजूनं झुकलेला असेल, तेवढं समजून घ्या.

आधी भावाचं. एकदा पसरलेलं पुसता येत नाही, हे त्याचं खरं आहे. 2008 च्या फेब्रुवारीत यूलियस बेअर नावाच्या स्विस बँकेनं विकिलीक्सविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा लावला. बँकेच्या केमन बेटांवरच्या व्यवहारांचे कागद तिथे प्रसिद्ध झाले होते. न्यायाधीशांनी त्या संकेतस्थळाचं नावच बंद करायला लावलं. पण दुसऱ्या देशांतल्या पत्त्यांवर तेच कागद तसेच दिसत राहिले आणि ज्यांनी या बँकेचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं त्यांनीही ते उघडून पाहिले. दोन आठवड्यांत न्यायाधीशांनी आपलाच हुकूम मागे घेतला आणि मग बँकेनं दावा काढून घेतला.

2010 च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकी वकिलातींचे गोपनीय संदेश बाहेर यायला लागले, तेव्हा याहून मोठा तमाशा झाला. आठ-दहा दिवसांत अ‍ॅमेझॉननं विकिलीक्सला आपल्या सर्व्हरवरून काढलं. पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसानं देणग्यांच्या वाटा बंद केल्या. उलट लोकांनी जगभर हजाराहून जास्त ठिकाणी त्या संकेतस्थळाच्या नकला उभ्या केल्या. आणि वॉशिंग्टनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांना लेखी कळवण्यात आलं की हे कागद वर्तमानपत्रांत छापून आले असले तरी ते गोपनीयच आहेत, तेव्हा परवानगीशिवाय ते उघडू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं, आपल्या संगणकांवर ते संकेतस्थळच बंद केलं. तुमच्या साहेबांनी गावभर वाचून झालेलं पान ग्रुपवरून काढायला लावलं ना, ते याच जातीचं. तालुका असो की वॉशिंग्टन, खुर्चीची प्रतिक्रिया फारशी बदलत नाही.

पण भावाला एक विचारा. ते संदेश जगभर छापून येत होते तेव्हा ते देणारी व्यक्ती कुठे होती? अमेरिकी लष्करातली विश्लेषक चेल्सी मॅनिंग तेव्हा कोठडीत होती. तिला मे 2010 मध्येच इराकमध्ये अटक झाली होती, म्हणजे संदेश प्रसिद्ध व्हायच्या सहा महिने आधी. कुठल्या यंत्रानं तिला पकडलं नाही. ऑनलाइन गप्पांत एका अनोळखी माणसाजवळ तिनं मन मोकळं केलं आणि त्यानं अधिकाऱ्यांना कळवलं. 2013 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली. ओबामांनी जाता जाता ती कमी केली म्हणून 2017 मध्ये सुटली, तरी सात वर्षं गेलीच.

दुसरं उदाहरण तुमच्या परिस्थितीच्या जास्त जवळचं आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या रिअ‍ॅलिटी विनर या तरुण कंत्राटी कर्मचारी बाईनं एका गुप्त अहवालाची छापील प्रत टपालानं एका वृत्तसंस्थेला पाठवली. वृत्तसंस्थेनं खातरजमेसाठी त्याची नक्कल सरकारलाच दाखवली. त्यावरच्या घडीच्या खुणेवरून तो कागद छापून बाहेर नेला हे तपास अधिकाऱ्यांना कळलं. मग त्यांनी एवढंच पाहिलं, की हा अहवाल किती जणांनी छापला. सहा जणांनी. त्या सहांपैकी एकीच्याच कार्यालयीन संगणकावरून त्या वृत्तसंस्थेला पूर्वी ईमेल गेलं होतं. संपलं. पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा. (बरेच रंगीत लेसर प्रिंटर पानावर डोळ्यांना सहज न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात आणि त्यांतून छापल्याची तारीख-वेळ कळते, हेही त्या निमित्तानं पुन्हा चर्चेत आलं.)

आता तुमच्या विभागात मोजा. ती मोजमाप पुस्तिका आणि तो शिक्क्याचा अहवाल, दोन्ही एकत्र किती जणांच्या हाताखालून गेले? उपअभियंता, कार्यकारी अभियंता, लेखाधिकारी, तुम्ही, फार तर आणखी दोघं-तिघं. खातं कितीही बेनामी असलं, तरी यादी तुमच्या नावापाशी यायला अर्धा तास पुरे. आणि त्या यादीतल्या फक्त एका व्यक्तीचं माहेर त्या गावात आहे.

पकडलं जाण्याच्या भीतीपेक्षाही नेटवर न टाकण्याचं मोठं कारण मला वेगळं वाटतं. फुटलेला कागद समोर आला की सरकारला प्रश्न बदलायची संधी मिळते. पाइप कुठे गेले हा प्रश्न मागे पडतो आणि कागद कुणी फोडला हा पुढे येतो. 2019 मध्ये राफेल विमानखरेदीच्या फेरविचार याचिकांत देशानं हे पाहिलं. संरक्षण मंत्रालयातल्या टिपण्या ‘द हिंदू’नं छापल्या होत्या. महान्यायवादी वेणुगोपाळ यांनी 6 मार्चला सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की हे कागद मंत्रालयातून चोरीला गेलेत. दोनच दिवसांनी त्यांनी खुलासा केला की मूळ कागद चोरीला गेलेले नाहीत, याचिकाकर्त्यांनी छायाप्रती वापरल्यात असं आपल्याला म्हणायचं होतं. चोरी की छायाप्रत, यावरच महिनाभर चर्चा. शेवटी 10 एप्रिलला तीन न्यायमूर्तींनी एकमतानं सरकारचा आक्षेप फेटाळला. प्रसिद्ध झालेले कागद न्यायालय बघू शकतं, आणि गोपनीय म्हटलेल्या कागदाचं प्रकाशन आधीच रोखायचा अधिकार गोपनीयता कायदा सरकारला देत नाही, असं सांगितलं. कागदांपुरता हा मोठा विजय होता. मूळ फेरविचार याचिका मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात फेटाळल्या गेल्या.

तुमच्या साहेबांनी प्रश्न आत्ताच बदललाय. एक पान बाहेर गेलं, तर पाइपलाइनची चौकशी लागली का? नाही. हमीपत्रं मागवली. तुम्ही उरलेली पानं टाकलीत तर ते खूशच होतील, कारण समोरच्याकडे नेमकं काय आहे हे त्यांना कळेल आणि त्याप्रमाणे उत्तर तयार करता येईल. जुन्या तारखेचं दुरुस्तीपत्रक, ‘काम प्रगतीत’ असा शेरा, पुन्हा लिहिलेली पुस्तिका, हे सगळं मी पाहिलेलं आहे. आपले पत्ते उघडे करून डाव खेळायचा नसतो.

बरं, त्या धमकीचं. 1923 चा शासकीय गोपनीयता कायदा इंग्रजांचा आहे आणि त्याचं कलम 5 खरोखर फार ऐसपैस लिहिलेलं आहे, म्हणूनच तो कुणालाही दाखवून घाबरवता येतं. 2002 मध्ये दिल्लीत एका पत्रकाराला या कायद्याखाली सात महिने तुरुंगात काढावे लागले, आणि ज्या कागदासाठी पकडलं तो जाहीरपणे उपलब्ध असल्याचं निघाल्यावर सरकारलाच खटला मागे घ्यावा लागला. आपल्याकडे वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात चित्रीकरण केलं म्हणून हाच कायदा लावला होता. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलीस ठाणं ही त्या कायद्यातली ‘निषिद्ध जागा’ नाही असं सांगून गुन्हा रद्द केला. नळाच्या पाइपाची लांबी हे देशाच्या सुरक्षेचं गुपित नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 22 सांगतं की या कायद्याच्या आड गोपनीयता कायदा येऊ शकत नाही. कलम 8(2) तर म्हणतं की लोकहित जास्त असेल तर गोपनीयता कायदा असूनही माहिती देता येते. नुसता शिक्का मारून कागद गुप्त होत नाही.

तुमचा धोका 1923 मध्ये नसून 1967 मध्ये आहे. त्या वर्षीचे जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम कार्यालयीन माहिती परवानगीवाचून बाहेर द्यायला मनाई करतात, आणि 1964 च्या शिस्त व अपील नियमांखाली निलंबनापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकतं. त्यासाठी पोलीस लागत नाहीत, न्यायालय लागत नाही, एक मेमो पुरतो. त्यात जुलै 2025 मध्ये सामान्य प्रशासन विभागानं समाजमाध्यमांबाबत शासन निर्णय काढला. गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नका हे त्यात स्वच्छ लिहिलंय, आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. साहेब तोंडानं मोठ्या कायद्याचं नाव घेतील, पण कारवाई करतील ती या लहान नियमांनी.

तुम्हाला वाटत असेल, जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा आहे की. आहे, पुस्तकात. लोकसभेत 2011 मध्ये, राज्यसभेत फेब्रुवारी 2014 मध्ये मंजूर झाला, 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अमलात आल्याची अधिसूचना काही निघाली नाही. त्याआधी 2004 चा केंद्राचा ठराव आहे, ज्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते आणि नाव गुप्त राहतं. पण तो केंद्र सरकार आणि त्याच्या संस्थांपुरता. जिल्हा परिषद त्यात बसत नाही. तो ठराव कशामुळे आला हेही ठाऊक असू द्या. सत्येंद्र दुबे या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या तरुण अभियंत्यानं 2002 मध्ये रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. माझं नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली. ते पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत त्याच्याच खात्यात पोचलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्याचा गोळी घालून खून झाला. न्यायालयात तो लुटारूंनी केलेला खून ठरला, पण पत्र फिरलं हे कुणी नाकारलं नाही. ‘नाव गुप्त ठेवा’ असं लिहून विसंबायचं नसतं, ते यासाठी.

आता करायचं काय.

तुमच्याकडे फोटो असण्यापेक्षा मोलाची गोष्ट ही आहे की कागद कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तो कागद गावानं मागायचा. आणि त्यासाठी तुम्ही आतलं काहीही सांगायची गरज नाही, कारण प्रत्येक नळयोजनेला अंदाजपत्रक असतं, कार्यारंभ आदेश असतो, मोजमाप पुस्तिका असते, देयकं असतात, त्रयस्थ तपासणीचा अहवाल असतो आणि गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे ठराव असतात. हे कुठल्याही शहाण्या सरपंचाला माहीत असतं. ‘या योजनेच्या कामाची कोणत्याही अधिकाऱ्यानं केलेल्या पाहणीचे सर्व अहवाल’ असं एक वाक्य अर्जात आलं की तुमचा शिक्क्याचा अहवाल त्यात आपोआप येतो. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आतला हवा, म्हणून पुस्तिका-देयकांचा एक आणि तपासणी अहवालांचा दुसरा असे अर्ज वेगळे करावेत. शुल्क 10 रुपये. कारण विचारायचा अधिकार माहिती अधिकाऱ्याला नाही, कलम 6(2). उत्तर 30 दिवसांत.

अर्ज तुमच्या आईनं करू नये. भावानंही नाही. गावात पाण्यावरून ओरडणारी पंधरा घरं तरी असतील. अर्ज वेगवेगळ्या पाच-सात जणांच्या नावानं जाऊ दे, त्यात ग्रामपंचायत सदस्य असेल तर उत्तम. एकटा अर्जदार दिसला की त्याला गाठता येतं. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीच्या प्रकरणांत एकहाती अर्ज करत होते. 13 जानेवारी 2010 च्या सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. मी घाबरवत नाही, पण गावाकडे अर्ज कुणी करायचा हा प्रश्न अर्जात काय लिहायचं याहून मोठा असतो.

माहिती अधिकारातल्या दोन सोयी लोक वापरतच नाहीत. एक म्हणजे 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानं जिल्हा पातळीच्या आणि खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना नस्त्या (फायली) पाहायला मिळाव्यात असं ठरलेलं आहे. पुणे महापालिकेत आधी सुरू झालेली ही पद्धत मग राज्यभर आली. बाबू लोक ‘असं काही नाही’ म्हणतील, तर निर्णयाची प्रत सोबत ठेवावी. दुसरी मला फार आवडते. माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणंही येतं. म्हणजे गावकरी म्हणू शकतात, आम्हाला कागद नको, आमच्यासमोर या या ठिकाणी खोदा आणि पाइप दाखवा. त्याला ‘गोपनीय’ शिक्का कसा मारणार?

ते काय कारणं देतील? चौकशी चालू आहे म्हणून देता येत नाही, हे पहिलं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं 2007 मध्येच सांगून ठेवलंय की नुसती चौकशी चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्यानं चौकशीत अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. दुसरं कारण हल्ली नव्यानं निघालंय, वैयक्तिक माहिती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. पूर्वी त्या कलमातच लोकहिताची फट होती, ती बुजवली. हा बदल मला बिलकूल मान्य नाही; ठेकेदाराच्या नावापासून अभियंत्याच्या सहीपर्यंत सगळं ‘वैयक्तिक’ ठरवायला आता कार्यालयांना निमित्त मिळालं. पण 8(2) अजून जागेवर आहे, पहिल्या अपिलात त्यावरच बोट ठेवायचं. पुढे माहिती आयोगाकडे वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा.

मग तुमचे फोटो कशाला? इथे लेखापरीक्षकाचं डोकं लावा. गावाच्या अर्जावर तीनच गोष्टी घडू शकतात. खरा कागद मिळाला, तर तुमची गरजच संपली. तो गावानं ग्रामसभेत वाचावा, वर्तमानपत्राला द्यावा, नेटवर टाकावा, सही-शिक्क्याची प्रत आहे, कुणाच्या बापाची भीती नाही. ‘नस्ती गहाळ आहे’ असं लेखी आलं, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 लागतो, ज्यात अभिलेख नष्ट करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि नस्ती होती याचा पुरावा तुमच्याकडे आहे. तिसरी शक्यता सगळ्यात गोड : त्यांनी बदललेली पुस्तिका प्रमाणित करून दिली. मग त्यांची सही असलेली खोटी प्रत एका बाजूला आणि तुमचा फोटो दुसऱ्या बाजूला. आकडे जुळत नाहीत म्हणून वाद घालणं वेगळं आणि अभिलेखात फेरफार केल्याचं दाखवणं वेगळं. दुसऱ्यातून सुटणं फार अवघड. हे सगळं होण्यासाठी एकच अट आहे, तुमच्याकडे काय आहे हे तोवर त्यांना कळता कामा नये.

म्हणून फोटो जसेच्या तसे ठेवा. कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका, फोन विकू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असा पुरावा न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोन हाताशी असेल तर सोपं जातं. आणि मूळ पुस्तिका किंवा अहवाल चुकूनही घरी आणू नका, फोटो आणि चोरी यांत ते अंतर राहू द्या. अहवालाला मजुरांची यादी, आधार किंवा खातेक्रमांक जोडलेले असतील तर ती पानं पुढे कुणालाही दाखवायची नाहीत. सप्टेंबर 2011 मध्ये अमेरिकी संदेशांचा पूर्ण साठा, 2 लाख 51 हजारांहून जास्त, एकही नाव न झाकता बाहेर आला, तेव्हा आधी विकिलीक्सबरोबर काम केलेल्या वृत्तपत्रांनीही एकत्र निषेध केला, कारण त्यात वकिलातीशी खासगीत बोललेल्या सामान्य माणसांची नावं होती. तुमच्या गावच्या मजुराचा आधार क्रमांक फिरवून पाणी येणार नाही.

फोटो द्यायची वेळ आली की लोकायुक्तांकडे द्या. त्यांच्या 1971 च्या कायद्यात चौकशी खासगीत चालते आणि तक्रारदाराची ओळख जनतेला किंवा वृत्तपत्रांना सांगता येत नाही. एक मेख आहे : तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला जाते. म्हणजे जगापासून नाव झाकलं तरी साहेबांपासून झाकलं जाईलच असं नाही. शिवाय आरोपाच्या तक्रारीला प्रतिज्ञापत्र लागतं. लाचेचाच पुरावा हाती आला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 आहे, पण मोजमापातली चोरी हे त्यांचं नेहमीचं सापळ्याचं काम नव्हे. निनावी अर्ज बहुतेक दप्तरी दाखल होतात, त्यावर भरवसा ठेवू नका.

कुणी तुम्हाला विजय पांढऱ्यांचं उदाहरण देईल. नाशिकला जलसंपदा विभागात मुख्य अभियंता असताना 2012 मध्ये त्यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना उघड सहीनिशी पत्रं लिहिली. ती बाहेर आल्यावर राज्य हादरलं, उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला (आणि काही महिन्यांत ते परतले), श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती नेमली गेली. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण ते मुख्य अभियंता होते, सेवेच्या शेवटच्या टप्प्यात होते, तांत्रिक बाबतीत त्यांचा शब्द खोडायला दुसरा तेवढ्या तोलाचा माणूस लागला असता. कनिष्ठ सहायकानं तसंच पत्र लिहिलं तर उत्तर येतं, ‘हा विषय आपल्या कार्यकक्षेत येत नाही.’ त्यांच्यासारखं करता आलं नाही म्हणून स्वतःला भित्री समजू नका.

त्या उपअभियंत्यांचं काय, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ज्यांनी खरा अहवाल लिहिला त्या माणसाची सही कागदावर आहे, संशयही पहिला त्यांच्यावरच गेला असणार. त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, निदान फोटोंबद्दल नाही. पण त्यांच्याविरुद्ध कुणी काही बोललं तर त्यात मान डोलावू नका.

भावाला प्रत्यक्ष भेटून विचारा, फोनवर नाही, की ते दोन फोटो कुणाला पुढे पाठवलेत का. पाठवले असतील तर कुणाला, एवढं माहीत करून घ्या. नवऱ्याला सगळं सांगा; घरात दोघांना वेगवेगळी हकिकत ठाऊक असेल तर दारात पोलीस आल्यावर गोंधळ होतो.

राहिलं हमीपत्र. त्यातलं वाक्य तुमच्याबाबत खोटं आहे, कारण दोन फोटो भावाकडे गेलेत. ते वाक्य लिहून दिलंत आणि उद्या फोटोंचा माग लागला, तर फोटोपेक्षा खोटं लिहून दिल्याचा दोषारोप जड जाईल. उलट सही नाकारलीत तर बोट तुमच्याकडेच वळेल. हमीपत्र मागणाऱ्या परिपत्रकाच्या स्थळप्रतीवर ‘प्रत मिळाली’ लिहून तारीख-सही करायला हरकत नाही, ती फक्त पोच आहे. छापील हमीपत्राचं काय करायचं, दुरुस्त शब्दांत द्यायचं की मुदत मागायची, हे मात्र माझ्यावर किंवा कुठल्याही सदरावर ठरवू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. पगारदार आहात म्हणून कुणी परत पाठवलं तर हे कलम दाखवा. सोमवारची मुदत आहे तर शुक्रवारी अर्धी रजा टाकून जा, आणि जाताना हमीपत्राचा कोरा नमुना बरोबर न्या.